शिळी पोळी, आंबवलेला रस आणि एसटीपीतला नायट्रोजन

ओला कचरा एसटीपीत, म्हणजे सोसायटीच्या सांडपाणी शुद्ध करणाऱ्या प्लांटमध्ये, टाकायचा नाही. हे वाक्य सगळ्यात आधी लिहून ठेवतो, कारण 'खरकट्याने सांडपाण्यातला नायट्रोजन कमी होतो' एवढं अर्धवट ऐकून आमच्याच सोसायटीत एकदा गोंधळ झाला होता. गणपतीच्या महाप्रसादानंतर उरलेला दोन पातेली मसालेभात कुणीतरी सरळ इक्वलायझेशन टँकमध्ये, म्हणजे येणारं सांडपाणी आधी जिथे जमा होतं तिथे, ओतला. दुसऱ्या दिवशी हवा मारायच्या एरेशन टँकवर वीतभर फेस, तिसऱ्या दिवशी पंपाच्या इम्पेलरला भाताचा लगदा, आणि चौथ्या दिवशी ग्रुपवर तळमजल्याच्या काकूंचा नाकाला रुमाल लावलेला फोटो.

खरं काम असं आहे: खरकटं वेगळ्या पिंपात तीन-चार दिवस आंबवायचं, गाळायचं, आणि तो आंबट रस मोजून एकाच ठिकाणी सोडायचा, जिथे पाण्यात नायट्रेट आहे पण विरघळलेला ऑक्सिजन नाही. जागा चुकली किंवा माप चुकलं, तर फायदा राहतो बाजूला आणि विजेचं बिल वाढतं.

पुण्यात सोसायटीच्या कमिटीवर नव्याने आलेले, किंवा एसटीपीचा ऑपरेटर सुट्टीवर गेला म्हणून पहिल्यांदाच त्या जिन्याने खाली उतरलेले जे कुणी असतील, त्यांच्यासाठी हा लेख आहे. उदाहरणासाठी रोज १०० घनमीटर, म्हणजे एक लाख लिटर सांडपाण्याचा प्लांट धरतो. साधारण आठशे माणसांची वस्ती.

मुळात होतं काय

सांडपाण्यात नायट्रोजन येतो तो मुख्यतः लघवीतून, अमोनियाच्या रूपात. एरेशन टँकमध्ये हवा मारली की काही जिवाणू त्या अमोनियाचं नायट्रेट करतात. इथपर्यंत नायट्रोजनने फक्त कपडे बदलले, तो पाण्यातच आहे. खरा निरोप पुढच्या पायरीला मिळतो. हवा नसलेल्या टँकमध्ये, ज्याला प्लांटवाले अॅनॉक्सिक टँक म्हणतात, दुसरे जिवाणू श्वासासाठी नायट्रेटमधला ऑक्सिजन ओढून घेतात आणि उरलेला नायट्रोजन वायू बुडबुड्यांनी हवेत निघून जातो. हवेत तो आधीच ७८ टक्के आहे, तिथे कुणाचं काही बिघडत नाही.

पण श्वास घ्यायचा तर आधी पोटात काहीतरी हवं. या दुसऱ्या जिवाणूंना खायला सेंद्रिय कार्बन लागतो. एक ग्रॅम नायट्रेट-नायट्रोजन (नायट्रेटमधला फक्त नायट्रोजन) घालवायला कागदावर २.८६ ग्रॅम सीओडी (सेंद्रिय कार्बन मोजायचं माप) पुरतो. जिवाणू स्वतः वाढतात तो खर्च धरून प्रत्यक्षात चार ते सहा ग्रॅम लागतो. मी पाच धरतो. हा कार्बन सांडपाण्यात कमी पडला की परदेशातले मोठे प्लांट विकतचं मिथेनॉल घालतात. वॉशिंग्टनचा ब्लू प्लेन्स हे त्याचं प्रसिद्ध उदाहरण. आपल्याकडे नवा प्लांट सुरू करताना शेण आणि गूळ टाकायची पद्धत आहेच, त्यातला गूळ म्हणजेच हा कार्बन. फरक इतकाच, की गूळ विकत आणावा लागतो आणि खरकटं रोज सकाळी दाराशी येतं.

तुम्हाला याची गरज आहे का, ते आधी पाहा

ही पायरी सगळे गाळतात, म्हणून तिच्यावर जरा जास्त थांबतो.

तुमचं प्रक्रिया केलेलं पाणी पूर्णपणे बागेत जात असेल तर नायट्रेट घालवू नका. झाडांना तेच हवं असतं. एका हाताने नायट्रोजन काढून दुसऱ्या हाताने युरियाची गोणी आणायची, हा उद्योग कशाला? अडचण येते ती पावसाळ्यात. जून ते सप्टेंबर बागेला पाणी लागत नाही, फ्लशिंगला थोडं जातं, बाकीचं ओढ्यात. ओढ्यातून मुळा-मुठेत, तिथून भीमेत आणि शेवटी उजनीत. नदीवर आणि तलावांवर जी जलपर्णी माजते ती या नायट्रोजन-फॉस्फरसवरच पोसते.

नदीखेरीज आणखी दोन फायदे आहेत, आणि कमिटीला ते लवकर पटतात. एक, सेटलिंग टँकवर तपकिरी पापुद्रे तरंगताना दिसतात ना, ते बऱ्याचदा तळाशी साचलेल्या स्लजमध्ये (जिवाणूंच्या गाळात) नायट्रेटचा वायू होऊन वर उचलले गेलेले असतात. नायट्रेट आधीच कमी केलं की ते कमी होतात. दोन, पीएच. एक ग्रॅम अमोनिया-नायट्रोजनचं नायट्रेट होताना ७.१४ ग्रॅम क्षारता (पाण्याची आम्ल पचवायची ताकद) खर्च होते, आणि नायट्रेट घालवताना त्यातली निम्मी परत मिळते. खडकवासल्याचं पाणी बोअरच्या पाण्यापेक्षा मऊ, त्यामुळे फक्त नळाच्या पाण्यावरच्या सोसायट्यांत पीएच घसरण्याची तक्रार जास्त.

नियमांचं म्हणाल तर राष्ट्रीय हरित लवादाने २०१९ मध्ये महानगरांतल्या एसटीपींसाठी एकूण नायट्रोजनची मर्यादा लिटरला १० मिलिग्रॅम सांगितली. तुमच्या सोसायटीला मात्र महाराष्ट्र प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या संमतीपत्रात जे आकडे छापले आहेत ते लागू. ते पत्र ऑफिसच्या कपाटात असतं. नसेल तर शोधण्याची सुरुवात आजच करा.

दोन तपासण्या, एक सापळा

अमोनिया आणि नायट्रेट मोजायचे छोटे किट मिळतात. सकाळी, दुपारी आणि रात्री अशा तीन वेळा, आठवडाभर, बाहेर पडणाऱ्या पाण्यात दोन्ही मोजा आणि वहीत लिहा.

अमोनियाच जास्त दिसतो आहे, लिटरला वीस-तीस मिलिग्रॅम? मग हा लेख इथेच मिटा. तुमचा आजार हवेचा आहे: ब्लोअर, तुंबलेले डिफ्यूझर (टँकच्या तळाशी हवेचे बुडबुडे सोडणारे), नाहीतर स्लज भलताच कमी. अशा प्लांटला आणखी खायला घातलं तर इतर जिवाणू उरलासुरला ऑक्सिजनही संपवतील आणि अमोनिया वाढेल.

अमोनिया कमी आणि नायट्रेट जास्त असेल, तरच पुढे या.

आता सापळा. काही किट 'नायट्रेट' मोजतात आणि काही 'नायट्रेटमधला नायट्रोजन'. दोन्हींत ४.४३ पटींचा फरक आहे. ४४ मिलिग्रॅम नायट्रेट म्हणजे १० मिलिग्रॅम नायट्रोजन. आमच्या वहीत पहिले दोन आठवडे हे आकडे एकमेकांत मिसळले होते, आणि त्या हिशोबाने आम्ही चौपट रस घालायला निघालो होतो. किटच्या डबीवरचं बारीक अक्षर चष्मा लावून वाचा.

फुकटचं आधी

खरकट्याला हात लावण्यापूर्वी तीन गोष्टी करा, पैसे लागत नाहीत.

इक्वलायझेशन टँकमध्ये चोवीस तास जोरात हवा सोडलेली असते. वास येऊ नये आणि गाळ बसू नये म्हणून थोडी हवी, पण जास्त हवेने सांडपाण्यातला कार्बन तिथेच जळून जातो. म्हणजे घरचं जेवण फेकायचं आणि मग डबा मागवायचा. व्हॉल्व्ह थोडा आवळा.

एरेशन टँकमधला विरघळलेला ऑक्सिजन लिटरला दोन मिलिग्रॅमच्या आसपास पुरतो. चार-पाच असेल तर परतीच्या पाण्यासोबत तो अॅनॉक्सिक टँकमध्ये शिरतो आणि तिथले जिवाणू नायट्रेटकडे ढुंकूनही पाहत नाहीत.

तिसरी गोष्ट परतीची. एरेशननंतरचं नायट्रेटचं पाणी मागे अॅनॉक्सिक टँकमध्ये आलंच नाही, तर कितीही रस घाला, उपयोग नाही. परतीचं पाणी आणि परतीचा स्लज मिळून येणाऱ्या सांडपाण्याच्या तिप्पट असेल तर जास्तीत जास्त ७५ टक्के नायट्रेट जाऊ शकतं, एकपट असेल तर ५०. पंप चालू आहे म्हणजे पाणी वाहतं आहे असं समजू नका. नळीचं तोंड डोळ्यांनी पाहा.

तुमच्याकडे अॅनॉक्सिक टँकच नसेल तर? ब्लोअरला टायमर लावून दोन तास चालू, एक तास बंद असं करता येतं, फक्त बंद काळात टँक ढवळत राहायला हवा. एसबीआर (एकाच टँकमध्ये भरणं, हवा मारणं, निवळणं आळीपाळीने करणारा प्लांट) असेल तर भरण्याच्या, हवा बंद असलेल्या टप्प्यात रस सोडायचा.

आमचं नायट्रेट या तीन गोष्टींनीच जवळजवळ निम्म्याने उतरलं. ऑपरेटर दादांना ते पहिल्यापासून माहीत होतं म्हणे. विचारलं कुणी नव्हतं.

हिशोब

समजा एवढं करूनही नायट्रेट-नायट्रोजन लिटरला २५ मिलिग्रॅम आहे आणि १० वर आणायचा आहे. घालवायचे १५. शंभर घनमीटरला रोज दीड किलो नायट्रोजन. पाचने गुणलं की साडेसात किलो सीओडी.

शंभर किलो खरकट्यात साधारण वीस किलो कोरडा माल असतो. त्याचा सीओडी बावीस किलोच्या आसपास, आणि आंबवून त्यातला सुमारे एक तृतीयांश रसात उतरतो. म्हणजे साडेसात किलोला शंभर किलो खरकटं. आठशे माणसांच्या सोसायटीत ते सहज निघतं. २०१६ च्या घनकचरा नियमांनी रोज शंभर किलोवर कचरा करणाऱ्यांना ओला कचरा आवारातच जिरवायला सांगितलं, तेव्हापासून त्या ढिगाचं काय करायचं ही चर्चा दर वार्षिक सभेत होतेच.

हेच गणित महापालिकेच्या पातळीवर मांडून पाहा: ४० एमएलडीच्या (रोज चार कोटी लिटरच्या) प्लांटमध्ये लिटरमागे १० मिलिग्रॅम उतरवायचे तर रोज सुमारे २७ टन निवडलेलं खरकटं हवं. अशक्य नाही, पण ट्रक, निवडणं आणि वास यांचा हिशोब वेगळा. आपण सोसायटीतच राहू.

काय घ्यायचं, काय नाही

भात, पोळी, भाकरी, ब्रेड, पोहे, बटाटा, केळ्याची आणि पपईची सालं: उत्तम. पिठूळ आणि गोड पदार्थांत कार्बन भरपूर, नायट्रोजन कमी.

वरण, उसळ, पनीर, मटण-मासे बाजूला ठेवा. प्रथिनं आंबली की त्यांचा अमोनिया होतो, म्हणजे जो काढायचा तोच आपण वरून ओततो. चांगल्या निवडलेल्या खरकट्यातूनही थोडा नायट्रोजन रसात येतोच; आपल्या उदाहरणात दिवसाला दोनशे ग्रॅमच्या आसपास धरा. दीड किलोसमोर तो परवडतो. रोज उसळ घातली तर परवडणार नाही.

लिंबू-संत्र्याच्या सालीतलं तेल जिवाणूंना मानवत नाही. लोणची खारट, तळण तेलकट. तेल पिंपात वर तरंगतं आणि नळीत थर धरतं. हाडं, अंड्याची टरफलं, टूथपिक, आणि का कोण जाणे, प्रत्येक सोसायटीत सापडणारा तो एक चमचा, हे सगळं पंपाचे शत्रू.

ही निवड घरातच झाली पाहिजे. 'स्वच्छ' या कचरावेचकांच्या संस्थेच्या ताईंना ओल्या कचऱ्यात हात घालून पोळ्या वेचायला सांगू नका. आम्ही प्रत्येक मजल्यावर झाकणाची वेगळी छोटी बादली ठेवली: 'फक्त भात-पोळी-फळांची सालं'. अर्ध्या घरांनी पाळलं. अर्धीच पुरली.

आंबवणं

इडलीचं पीठ आंबवणाऱ्या घरात हे समजावून सांगावं लागत नाही. पाचशे लिटरची झाकणाची चार प्लास्टिक पिंपं घ्या, तळापासून वीतभर वर व्हॉल्व्ह बसवा. झाकणाला नळी लावून ती उघड्यावर सोडा. हे विसरू नका, आंबताना वायू सुटतो. आमच्या पहिल्या बादलीचं गच्च झाकण मध्यरात्री उडालं आणि वॉचमन काकांना वाटलं टायर फुटला.

रोज एक पिंप: शंभर किलो बारीक केलेलं खरकटं आणि एसटीपीचंच प्रक्रिया केलेलं १८० ते २०० लिटर पाणी. प्यायचं पाणी वापरू नका, त्यातला क्लोरीन नको. पहिल्या खेपेनंतर पिंपात जुन्या रसाचा पाचवा हिस्सा विरजण म्हणून ठेवायचा. दिवसातून दोनदा लांब दांडक्याने ढवळायचं. चौथ्या दिवशी रस काढायचा. डिसेंबर-जानेवारीत पुण्याच्या थंडीत पाचवा-सहावा दिवस लागतो, म्हणून तेव्हा एक-दोन पिंपं जास्त लागतात.

पीएच कागदाने पाहा. काहीच केलं नाही तर तो चारच्या खाली जातो आणि दह्यासारखं लॅक्टिक आम्ल जास्त होतं. साडेपाच-सहाच्या आसपास ठेवला तर अॅसेटिक आणि त्याची भावंडं जास्त होतात, ती जिवाणूंना लवकर पचतात. त्यासाठी थोडी चुन्याची निवळी. नवख्यांनी यात फार गुंतू नये असं माझं मत आहे. नायट्रेट खाणाऱ्या जिवाणूंना लॅक्टिकही चालतं. सहा-सात दिवसांपलीकडे मात्र ठेवू नका. पीएच चढत गेला तर मिथेन करणारे जिवाणू जागे होतात आणि आपला कार्बन वायू होऊन उडून जातो.

वास आंबट, आंबिलीसारखा यायला हवा. सडक्या अंड्याचा आला तर ती खेप कंपोस्टमध्ये.

गाळण दोनदा: आधी जाळी, मग मलमलसारखं फडकं. एका खेपेतून अडीचशे लिटरच्या आसपास रस मिळतो. पहिल्या काही खेपांचा नमुना प्रयोगशाळेत देऊन सीओडी काढून घ्या. लिटरला ३० ग्रॅम निघाला तर वरचा हिशोब जसाच्या तसा लागू पडतो. २० निघाला तर रस दीडपट घाला.

जीवाशी संबंधित एक गोष्ट. पिंपात किंवा टँकमध्ये डोकं घालायचं नाही, उतरायचं तर मुळीच नाही. चमचा पडला तरी, मोबाईल पडला तरी. आत साचलेले वायू दोन श्वासांत माणूस पाडतात, आणि वाचवायला उतरलेला दुसराही जातो.

आधी बादली, मग टँक

एरेशन टँकच्या शेवटच्या टोकाचं गढूळ पाणी दोन बादल्यांत दहा-दहा लिटर घ्या. दहा मिनिटं हळू ढवळून आतला ऑक्सिजन संपू द्या. एका बादलीत २५ मिलिलिटर रस घाला, दुसरीत काही नाही. समजा नायट्रेट-नायट्रोजन १५ आहे, तर दहा लिटरमध्ये तो १५० मिलिग्रॅम, त्याला ७५० मिलिग्रॅम सीओडी, आणि तेवढा सीओडी या २५ मिलिलिटरमध्ये आहे. हळू ढवळत राहा, फेस आणू नका. दर पंधरा मिनिटांनी थोडं पाणी फिल्टर पेपरने गाळून नायट्रेट मोजा.

रसाच्या बादलीत तासा-दीड तासात आकडा तळाला यायला हवा. दुसरीत तो रेंगाळत उतरेल. दोन्ही सारख्याच चालीने उतरल्या तर रसात दम नाही, किंवा तुमच्या सांडपाण्यातच पुरेसा कार्बन आहे. रसाच्या बादलीतला अमोनियाही मोजा. तो चढला असेल तर कुणीतरी उसळ टाकली आहे.

डोस

हिशोबाच्या पाव भागाने सुरुवात, दर आठवड्याला थोडी वाढ. रस अॅनॉक्सिक टँकच्या तोंडाशी, जिथे परतीचं पाणी पडतं तिथे सोडा. छोटा पेरिस्टाल्टिक (नळी दाबत रस पुढे ढकलणारा) डोसिंग पंप बरा. बाकीच्या पंपांचे व्हॉल्व्ह भाताच्या कणांनी चोंदतात.

सगळा रस एकदम ओतू नका, आणि सकाळी सहा ते दहा तर नकोच. तेव्हा आंघोळी, संडास, भांडी एकदम येतात आणि सांडपाण्यात कार्बन मुबलक असतो. दुपारी आणि मध्यरात्रीनंतर तो आटतो, तेव्हा जिवाणू उपाशी असतात. आम्ही दुपारी दोन ते पाच आणि रात्री बारा ते पाच असा टायमर लावला आहे.

अॅनॉक्सिक टँकमधून बाहेर पडणाऱ्या पाण्यात लिटरला एक-दोन मिलिग्रॅम नायट्रेट-नायट्रोजन शिल्लक राहू द्या. शून्य दिसायला लागलं की डोस जास्त झाला. मग उरलेला कार्बन एरेशनमध्ये जातो, ब्लोअर धापा टाकतो, फेस येतो, आणि नायट्रेट संपल्यावर जिवाणू सल्फेटकडे वळले की तो ओळखीचा वास. वास आला की डोस निम्मा करा, कारण नंतर शोधा.

फॉस्फरसबद्दल थोडक्यात. तो वायू होऊन उडत नाही. काही जिवाणू तो पोटात साठवतात आणि त्यांना अॅसेटिकसारखी आम्लं फार आवडतात, पण त्यासाठी ऑक्सिजनही नाही आणि नायट्रेटही नाही असा वेगळा टँक लागतो. तो आपल्या सोसायट्यांत सहसा नसतो. असला तरी जिवाणूंच्या पोटातला फॉस्फरस स्लजसोबतच बाहेर जातो. महिनोन्महिने स्लज पिळून बाहेर काढणारा फिल्टर प्रेस चालवलाच नाही तर तो टँकच्या टँकमध्येच फिरत राहतो.

गाळून उरलेला चोथा कंपोस्टमध्ये जातो. तो आंबट असतो, दुप्पट सुकी पानं मिसळल्याशिवाय खड्ड्यात टाकू नका.

वहीत रोज पाच रकाने: खरकटं किती किलो, रसाचा पीएच, डोस, अमोनिया, नायट्रेट. सहावा रकाना आम्ही नंतर वाढवला: 'आज किती लोक घरी'. दिवाळीत अर्धी सोसायटी गावाला जाते, सांडपाणी निम्म्यावर येतं, पण टायमरला सुट्टी माहीत नसते. पहिल्या दिवाळीला भाऊबीजेच्या दिवशी आम्ही तो वास पुन्हा घेतला. आता वसुबारसेला डोस निम्मा होतो, पिंपं रिकामी करून ठेवतो, फक्त विरजणापुरता रस एका कॅनमध्ये राखतो, आणि तुळशीच्या लग्नानंतर पुन्हा पाव भागापासून चढत जातो. फराळाचं उरलेलं तळण त्या काळात बादलीत येतंच. ते वरच्या वर काढायचं काम सध्या माझ्याकडे आहे.